इंग्रजी सर्वनामे व क्रियापदे : विद्यार्थ्यांना नेहमी पडणारे काही प्रश्न

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत इंग्रजी व्याकरणावरचा लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल. स्मरणिकेत वर्षाचा अहवाल असावा, धम्मावर दोन लेख असावेत, मुलांच्या कविता असाव्यात. 'ही' आणि 'शी' यांचा पाढा शाळेत होतोच, तो येथे कशाला? परंतु आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्यातला एखादा खंड असतो. बाबासाहेबांचा फोटो, फोटोला हार, आणि खाली तो जाड खंड. घरातील पदवीधर मुलगा तो उघडतो, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अडतो आणि पुन्हा जागच्या जागी ठेवतो. आम्ही अभ्यासवर्गात विचारले, की कोठे अडता? मोठ्या शब्दांशी अडत नाही, ते शब्दकोशात सापडतात, असेच उत्तर आले. अडते ते बारीक शब्दांशी. 'हिज' कोणाचा, 'दे' म्हणजे कोण, 'हॅड बीन' कशासाठी, 'डू' मध्येच कोठून आले. हे शब्दकोशात पाहून कळत नाही. नोकरीच्या मुलाखतीतही मुलगा गप्प बसतो तो याच बारीक शब्दांच्या धास्तीने.

म्हणून वर्गात वारंवार येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उच्चार स्पष्ट व्हावा म्हणून इंग्रजी शब्द नागरीत छापले आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांचे स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत लिहावे. तेवढेच कष्ट आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठी मुलाची इंग्रजीतील चूक बहुधा अज्ञानाची नसते. तो मराठीचा नियम नकळत इंग्रजीला लावतो, आणि मराठीचा नियम त्याला पक्का येत असतो म्हणूनच चूकही पक्की होते. तेव्हा उपाय मराठीतूनच शोधला पाहिजे. सुभेदार रामजींनी लहानग्या भीमरावाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या होत्या. त्या पुस्तकांची रीत हीच : मराठी वाक्य घ्या, इंग्रजी वाक्य शेजारी ठेवा, आणि फरक कोठे पडला ते पाहा.

फरक कोठे पडतो? 'आलीस का?' हे दोन शब्द घ्या. ऐकणाऱ्याला काय काय कळले? समोरच्या व्यक्तीशी बोलणे चालले आहे, ती व्यक्ती एकटी आहे, स्त्री आहे, जवळची आहे, आणि क्रिया होऊन गेली आहे. 'तू' हा शब्द उच्चारलासुद्धा नाही. आता इंग्रजी वाक्य : 'डिड यू कम?' येथे 'यू' गाळता येत नाही, आणि एवढे शब्द बोलूनही समोर मुलगी आहे की मुलगा, एक आहे की चार, हे कळत नाहीच. मराठीचे क्रियापद खूप बोलते. इंग्रजीचे क्रियापद शतकानुशतके झिजत गेले, म्हणून त्याला कर्त्याचा आधार लागतो. आपली मुले 'ॲम गोइंग टु जेऊर' असे कर्ता गाळून लिहितात त्याचे कारण हे. 'जेऊरला चाललोय' यात मराठीला काहीच उणे वाटत नाही.

याच कारणाने इंग्रजीत एक रिकामा 'इट' येतो. 'पाच वाजले', 'पाऊस पडतोय', 'सोलापूरला जायला वेळ लागतो' या वाक्यांचे इंग्रजी 'इट इज फाइव्ह ओक्लॉक', 'इट इज रेनिंग', 'इट टेक्स टाइम टु गो टु सोलापूर'. हा 'इट' म्हणजे कोण, असे मुले विचारतात. कोणी नाही. कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची नाही एवढ्यासाठी बसवलेला तो शब्द आहे.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. 'माय फादर आर अ फार्मर' हे वाक्य दरवर्षी कोणत्या ना कोणत्या वहीत येतेच. तसेच 'डॉक्टर आंबेडकर वेअर अ ग्रेट स्कॉलर'. शिक्षक लाल रेघ मारतात, मुलाला मात्र रेघेचे कारण कळत नाही. तो मनात मराठी वाक्य जुळवतो : माझे वडील शेतकरी आहेत. बाबासाहेब थोर विद्वान होते. 'आहेत' आणि 'होते' ही बहुवचनाची रूपे आपण आदरासाठी वापरतो, आणि 'माझा वडील आहे' असे म्हणणे आपल्या कानाला खपत नाही. मुलाने वडिलांचा मान राखला आणि परीक्षेत गुण गमावले! इंग्रजीत तृतीय पुरुषाला आदरार्थी बहुवचन नाही. 'ही' मध्ये 'तो' सुद्धा आहे आणि 'ते' सुद्धा. 'माय फादर इज', 'डॉक्टर आंबेडकर वॉज', 'ही वॉज बॉर्न इन १८९१' असे लिहिल्याने मान कमी होत नाही.

याचा उत्तम दाखला बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या नावातच आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव 'द बुद्ध अँड हिज धम्म'. मराठी भाषांतराचे नाव 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. इंग्रजीत 'हिज', मराठीत 'त्यांचा'. कोणी 'देअर' केले नाही, आणि मराठीत 'त्याचा' ठेवले नाही. दोन्ही भाषांनी आपापल्या रीतीने आदर राखला. याच नावात दुसरीही गोष्ट शिकण्यासारखी आहे. मराठीत 'त्यांचा धम्म' पण 'त्यांची शिकवण', 'त्यांचे वचन'. शेवटची मात्रा पुढच्या नामाप्रमाणे बदलते. इंग्रजीत 'हिज' तिन्ही ठिकाणी 'हिज'च. मालक पुरुष की स्त्री एवढेच इंग्रजी पाहते, मालकीची वस्तू कोणत्या लिंगाची हे पाहत नाही. म्हणून सुजाताचा भाऊ 'हर ब्रदर' आणि राहुलची बहीण 'हिज सिस्टर'. भाऊ पुरुष आहे म्हणून 'हिज' लिहिणारे विद्यार्थी थोडे नाहीत.

'यू' ची गोष्ट याहून गमतीची आहे. एका माणसाला 'यू आर' का, 'यू इज' का नाही? पूर्वी इंग्रजीतही आपल्या 'तू' सारखा 'दाऊ' हा शब्द होता. 'यू' हे अनेकांसाठी व मोठ्यांसाठी होते, म्हणजे आपले 'तुम्ही'. पुढे 'दाऊ' वापरातून गेला आणि लहानथोर सर्वांना 'यू' लागले. साहेब एकटेच आले तरी आपण 'तुम्ही कधी आलात?' असेच विचारतो, 'आलास' म्हणत नाही. 'यू आर', 'यू वेअर' यांचे तसेच. मराठी मुलाला हे समजावयास काहीच जड जाऊ नये. ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांना वयाचा मान न ठेवता गावाने 'अरे-तुरे' केले, त्या समाजातील मुलांनी हेही पाहून ठेवावे, की 'यू' मध्ये शिपाई आणि साहेब यांच्यासाठी वेगवेगळे शब्द नाहीत. इंग्रज फार समतावादी होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांचा भेदभाव दुसऱ्या वाटांनी चालत होता. असो.

'ही गो' की 'ही गोज'? हा 'स' कोठे लावावा याची मुलांना कायम धास्ती असते. 'मी जातो, तू जातोस, तो जातो, ती जाते, ते जातात' ही रूपे आपण पाठ न करता बोलतो. इंग्रजीतही एकेकाळी 'दाऊ गोएस्ट', 'ही गोएथ' अशी पुरुषाप्रमाणे रूपे होती. साध्या वर्तमानकाळात त्यातले एकच शेपूट आज उरले आहे, ते म्हणजे तृतीय पुरुषी एकवचनाचा 'स' किंवा 'झ'. आमच्या वर्गात आम्ही एवढेच सांगतो : मराठीचा 'स' 'तू' ला लागतो, इंग्रजीचा 'स' 'तो, ती, ते' या एकट्याला लागतो. ही अदलाबदल डोक्यात बसली की पुन्हा विचारावे लागत नाही.

आता क्रियापदांची खरी गाठ. 'डिड यू वेंट टु पुणे?' आणि 'ही डज नॉट गोज' ही वाक्ये चूक का? मराठीत 'तू पुण्याला गेलास का?' यात 'गेलास' हे भूतकाळाचे रूप आहे, 'का' हा नुसता प्रश्न विचारतो, त्याला काळ नसतो. मुलाला वाटते 'डिड' म्हणजे आपला 'का'. तसे नाही. 'डिड' भूतकाळ स्वतःच्या खांद्यावर घेऊन येतो. ओझे एकाने उचलले की दुसऱ्याने मोकळे चालावयाचे, म्हणून पुढचे क्रियापद मूळ धातूच्या रूपात : 'डिड यू गो'. 'डज' आला की 'स' त्याच्याकडे गेला, म्हणून 'डज नॉट गो'. नकाराचेही तसेच : 'डिड नॉट गो'.

हा नियम शिकावयास बाबासाहेबांच्या आणखी दोन ग्रंथांची नावे उपयोगी पडतात. १९४६ चा ग्रंथ 'हू वेअर द शूद्राज?'. येथे 'डिड' नाही. 'इज, आर, वॉज, वेअर' ही क्रियापदे प्रश्नासाठी कोणाची मदत घेत नाहीत, स्वतःच उठून कर्त्याच्या पुढे येतात. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या नावाचा पुढील भाग 'हू वेअर दे अँड व्हाय दे बिकेम अनटचेबल्स' असा आहे. एका चाणाक्ष विद्यार्थिनीने विचारले, की पहिल्या भागात 'वेअर दे' आणि दुसऱ्या भागात 'दे बिकेम' असे का? 'व्हाय डिड दे बिकम' का नाही? प्रश्न फार चांगला आहे. पहिला भाग सरळ प्रश्न आहे. दुसऱ्या भागाचा शब्दक्रम विधानाचा आहे : 'ते अस्पृश्य का झाले ते', असा विषय सांगितला आहे. १९४६ च्या ग्रंथाच्या उपशीर्षकातही 'हाऊ दे केम टु बी' असाच क्रम आहे. त्याचा सरळ प्रश्न करा म्हटले तर 'हाऊ डिड दे कम टु बी' होईल. 'केम' चे 'कम' झाले, कारण ओझे 'डिड' ने घेतले. 'आय डू नॉट नो व्हेअर डज ही लिव्ह' अशी वाक्ये मुले सर्रास लिहितात. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की विधानाचा क्रम येतो : 'आय डू नॉट नो व्हेअर ही लिव्ह्ज'. स्पर्धा परीक्षांत यावर प्रश्न हमखास असतो.

एक बारीक अपवाद सांगून पुढे जाऊ. 'कोण आले?' याला 'हू केम?' पुरेसे आहे. 'हू' स्वतःच कर्ता असेल तेव्हा 'डिड' ची गरज नाही.

'हॅव डन' आणि 'डिड' यांत फरक काय? १९४५ मध्ये बाबासाहेबांनी काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले याचा हिशेब मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या इंग्रजी नावात 'हॅव डन' आहे, 'डिड' नाही. कारण तो हिशेब त्या दिवसापर्यंत चालत आलेला होता, आणि त्याचा परिणाम लिहिणाऱ्याच्या वर्तमानात उभा होता. एखाद्या ठरावीक सालाची गोष्ट सांगायची असती तर 'डिड' आले असते. इंग्रजीचा नियम कडक आहे : काल, गेल्या वर्षी, १९८० साली असा होऊन गेलेल्या काळाचा ठावठिकाणा सांगितला की 'हॅव' किंवा 'हॅज' चालत नाही. मराठीला ही अडचण नाही. 'उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आहे' हे मराठी वाक्य कोणालाही खटकणार नाही. म्हणूनच मुले 'हॅज बीन कम्प्लीटेड इन १९८०' असे लिहितात. तेथे 'वॉज कम्प्लीटेड' हवे. साल काढून टाकले, तर 'हॅज बीन कम्प्लीटेड' बरोबर.

याच्याच जवळचा घोटाळा 'पासून' चा. 'मी दहा वर्षांपासून करमाळ्यात राहतो' याचे भाषांतर 'आय ॲम लिव्हिंग इन करमाळा सिन्स टेन इयर्स' असे होते आणि ते मुलाखतीत फार ऐकू येते. यात दोन चुका आहेत. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली क्रिया आजही चालू आहे, तेव्हा 'आय हॅव बीन लिव्हिंग'. आणि मराठीचा 'पासून' कालावधीलाही लागतो, आरंभालाही लागतो. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. किती काळ हे सांगावयाचे असेल तर 'फॉर टेन इयर्स', कधीपासून हे सांगावयाचे असेल तर 'सिन्स २०१५'.

'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' यांचे मूळ मराठीच्या 'आहे' मध्ये आहे. 'मला माहीत आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'माझे प्रेम आहे'. मराठीत जाणणे, असणे, आवडणे या गोष्टी बहुधा आपल्याकडे येतात. म्हणून 'मी' न येता 'मला' येतो. मला ताप आला, मला इंग्रजी येते. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो : 'आय हॅव अ फीव्हर', 'आय नो इंग्लिश'. आणि 'नो, हॅव, लव्ह, वाँट, बिलीव्ह' अशी मनाची किंवा मालकीची क्रियापदे त्या अर्थाने चालू काळात सहसा येत नाहीत. ('हॅविंग टी' चालते, कारण तेथे चहा पिण्याची क्रिया आहे, मालकी नाही.) शंका आली तर शाळेतील प्रतिज्ञा आठवावी. मराठीत 'प्रेम आहे' म्हणतो, पण इंग्रजीत नुसता 'लव्ह' आहे, 'ॲम लव्हिंग' नाही. रोज सकाळी बरोबर म्हणणारा मुलगा निबंधात चुकतो, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

आता संविधानाच्या उद्देशिकेकडे येऊ, कारण सर्वनाम आणि क्रियापद यांचा एवढा भरगच्च धडा दुसरीकडे मिळणार नाही. सबंध उद्देशिका एकच वाक्य आहे. त्याचा कर्ता पहिलाच शब्द, 'वुई'. मराठीत या एका शब्दाला दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तोही आत येतो. 'आम्ही जेवलो' आणि 'आपण जेवू' यांतला फरक लहान मुलालाही कळतो. इंग्रजीला तो शब्दाने दाखवता येत नाही, संदर्भावरून घ्यावा लागतो. अधिकृत मराठी पाठात 'आम्ही' आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा शब्द येथे कसा, अशी शंका वर्गात आली होती. आमचे उत्तर असे, की येथे बोलणारे सर्व भारताचे लोक आहेत. ज्याला बाहेर ठेवावे असा देशातला माणूसच उरत नाही.

कर्त्यानंतर 'हॅविंग रिझॉल्व्ड' येते. 'हॅविंग' अधिक क्रियापदाचे तिसरे रूप म्हणजे मराठीचा 'ऊन' प्रत्यय : निर्धार करून. जेवून, वाचून, ठरवून या सगळ्यांना हीच किल्ली लागते. मुख्य क्रियापदे येतात अगदी शेवटाकडे, आणि त्यांच्याआधी 'डू'. येथे प्रश्न नाही, नकारही नाही, मग 'डू' कशाला? जोर देण्यासाठी. मराठीत आपण 'च' लावतो किंवा आवाज चढवतो, इंग्रजी असा 'डू' घालते. काळही पाहा. मराठी पाठात 'करीत आहोत' आहे, पण इंग्रजीत 'आर अडॉप्टिंग' नाही, साधा वर्तमानकाळ आहे. ज्या क्रिया बोलण्यानेच घडतात, शपथ घेणे, स्वीकारणे, अर्पण करणे, त्यांना इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते. आणि शेवटी 'अवरसेल्व्ज', मराठीत 'स्वतःप्रत'. देणारा आणि घेणारा एकच असेल तेव्हा 'अस' चालत नाही, 'अवरसेल्व्ज' लागते. 'अस' म्हटले असते तर देणारा दुसरा कोणी ठरला असता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी हे संविधान कोणा राजाने किंवा पार्लमेंटने आपल्याला दिले नाही, हे त्या एका सर्वनामात आहे. 'ही किल्ड हिम' आणि 'ही किल्ड हिमसेल्फ' यांत एक खून आहे आणि एक आत्महत्या. तेव्हा हा फरक परीक्षेपुरता नाही.

शेवटचा प्रश्न मुलींचा. राष्ट्रपतींविषयीच्या अनुच्छेदांत 'ही' आणि 'हिज' असे शब्द आहेत. मग स्त्रीला ते पद कसे? याचे उत्तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहे : संदर्भ विरुद्ध नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश होतो. अनुच्छेद ३६७ ने संविधानाचा अर्थ लावताना हा कायदा लागू केला. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू झाल्या. संविधानातील 'ही' आडवा आला नाही. तथापि सामान्य लेखनात विद्यार्थी कोणीही असो त्याला 'ही' म्हणण्याची जुनी रीत आता मागे पडत आहे. 'ही ऑर शी' लिहितात, किंवा एका व्यक्तीसाठीही 'दे' लिहितात. अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने २०१९ चा शब्द म्हणून 'दे' निवडला तो याच वापरामुळे. अशा वेळी व्यक्ती एक असली तरी क्रियापद 'दे आर' असेच राहते. 'सर आले आहेत' म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवे काही नाही. शालेय परीक्षेत मात्र 'ही ऑर शी' लिहावे, ते कोणताही परीक्षक कापणार नाही.

सरावासाठी काही वाक्ये देतो. इंग्रजी करून रविवारच्या वर्गात आणावीत. माझी आई केमला राहते. तिचा भाऊ मुंबईला कधी गेला? तो तीन वर्षांपासून परीक्षेची तयारी करतो आहे. गाडी जेऊरला थांबते का ते मला माहीत नाही. अर्ज भरून ती घरी आली. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला. आम्ही हे वाचनालय स्वतः उभे केले. शेवटच्या वाक्यात 'अवरसेल्व्ज' कोठे बसवाल, आणि तो उद्देशिकेतल्या 'अवरसेल्व्ज' सारखाच आहे की वेगळा, हेही लिहून आणावे.